मी कोणासारखी दिसू? : कमला खानच्या प्रकरणाचा अभ्यास

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव बदलून लिहायची रीत आहे. या प्रकरणातल्या मुलीनं ते काम आधीच करून ठेवलंय. तिनं नाव दुसरीचं घेतलं आणि काही काळ चेहराही दुसरीचाच लावला. शिवाय ती कागदावरची, मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या चित्रकथांमधली. तेव्हा कमला खान, वय 16, राहणार जर्सी सिटी, हे इथे उघड लिहायला हरकत नाही.

कोणाचंही रूप घेता येईल अशी ताकद हाती आल्यावर तिनं पहिलं रूप कोणाचं घेतलं, ते का सोडलं, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या सोडण्याचं काय झालं, हे या प्रकरणात बघायचं आहे. यातले काही निर्णय कमलाचे आहेत, काही तिला लिहिणाऱ्यांचे. माझ्या मते कमलाचे बहुतेक निर्णय समजण्यासारखे होते. लिहिणाऱ्यांचा पहिला निर्णय फार हुशारीचा होता आणि शेवटचा मला अजून पटलेला नाही.

पार्श्वभूमी

मार्व्हलच्या चित्रकथांमध्ये ‘मिस मार्व्हल’ हे नाव मुळात कॅरल डॅनव्हर्सचं. कॅरल 1968 मध्ये आली आणि 1977 मध्ये तिला हे नाव आणि स्वतःचं मासिक मिळालं. उंच, सोनेरी केसांची, स्विमसूटसारखा काळा पोशाख, छातीवर विजेची खूण, मांडीपर्यंत बूट, हे तिचं सगळ्यांत ओळखीचं रूप. 2012 मध्ये ती ‘कॅप्टन मार्व्हल’ झाली, अंगभर गणवेश घालू लागली आणि जुनं नाव मोकळं पडलं.

याच जुन्या मासिकात 1978 साली मिस्टीक पहिल्यांदा दिसली होती, हे इथे नोंदवायला हवं. निळ्या कातडीची, कोणाचाही चेहरा हुबेहूब लावणारी खलनायिका. रूप बदलणारा म्हणजे लबाड, ही समजूत चित्रकथांमध्ये चांगलीच मुरलेली आहे. अपवाद आहेत. 1941 चा प्लॅस्टिक मॅन आहे, पण तो विनोदाच्या अंगानं जातो. 1955 चा मार्शियन मॅनहंटर आहे, पण तो परग्रहावरून चुकून इथे येऊन पडलेला आणि माणसाचं रूप घेऊन पोलिसात नोकरी करणारा, म्हणजे दुःखाच्या अंगानं जाणारा. शाळेत जाणारी, रात्री वेळेत घरी यायची सक्ती असलेली मुलगी या रांगेत नव्हती.

मोकळं पडलेलं नाव फेब्रुवारी 2014 मध्ये कमलाकडे आलं. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. अमानत स्वतः न्यू जर्सीत वाढलेल्या पाकिस्तानी अमेरिकन, आणि विल्सन यांनी मोठेपणी इस्लाम स्वीकारलेला. घरातले बारकावे म्हणूनच कुठे उसने वाटत नाहीत. अब्बू युसूफ बँकेत नोकरीला. अम्मी मुनीबा, जिच्या रागापेक्षा काळजीचा धाक जास्त. मोठा भाऊ आमीर धर्माचं सगळं मन लावून करणारा आणि नोकरीच्या बाबतीत निवांत. कमला स्वतः बंडखोर वगैरे काही नाही. ती रात्री जागून ॲव्हेंजर्सवर, म्हणजे मार्व्हलच्या महानायकांच्या गटावर, स्वतःच्या गोष्टी रचते, इंटरनेटवर टाकते आणि किती जणांना आवडल्या ते बघते. पहिल्या अंकात ती दुकानात डुकराच्या मांसाच्या सँडविचचा नुसता वास घेत उभी असते. खात नाही, पण तिथून हलतही नाही. तिचा स्वभाव कळायला एवढं पुरेसं आहे.

या घराचा एक धागा मुंबईत जातो. 2016 च्या एका अंकाची सुरुवात 1947 च्या मुंबईत होते. फाळणीच्या वेळी खान घराण्यातलं एक जोडपं, बाई गरोदर, हे शहर सोडून कराचीला निघतं. मग कराचीहून पुढची पिढी जर्सी सिटीत. प्रत्येक मुक्कामी आपण कोण, हे नव्याने ठरवावं लागलेलं हे घर आहे. कमलाच्या वाट्याला तो प्रश्न तयारच आला होता. तिची ताकद आली ती त्यानंतर.

अडचण

एका रात्री नदीकाठी शाळेतल्या मुलांची पार्टी होती. अब्बूंनी परवानगी नाकारली आणि कमला खिडकीतून गेली. तिथे कोणीतरी तिला न सांगता दारू मिसळलेला संत्र्याचा रस दिला. झोई नावाच्या वर्गातल्या गोऱ्या, लोकप्रिय मुलीनं तर तुझ्या अंगाला करीचा वास येतो, मी दुसरीकडे जाऊन उभी राहते, असं तिला तोंडावर सांगितलं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध आली होती आणि जिथे आली तिथलेही तिला आपलं म्हणायला तयार नव्हते. ती रागानं निघाली. शहरावर तेव्हाच एक विचित्र धुकं उतरत होतं. ज्यांच्या रक्तात इनह्युमन वंशाचा अंश आहे, त्यांच्यात ते ताकद जागी करतं.

धुक्यात तिला भास होतो. कॅप्टन मार्व्हल, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका आकाशातून उतरतात, आणि कॅप्टन मार्व्हलच्या तोंडी अमीर खुसरोंचं सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, फुलांचं वसंतगीत असतं. हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे आणि वाचताना तो सहज निसटतो. हा भास कमलाच्याच मनातून निघालेला आहे. म्हणजे तिच्या मनातली वीरांगना आधीपासूनच तिच्या घरची बोली बोलते. तरीही कोण व्हायचंय असं विचारल्यावर ती म्हणते, मला तू व्हायचंय. वर जुना काळा पोशाख आणि उंच टाचांचे बूटही मागून घेते. कॅरल तिला बजावते, तुला वाटतं तसं हे होणार नाही.

धुक्यानं तिच्याभोवती तयार झालेला कोष फोडून कमला बाहेर येते तेव्हा केस सोनेरी, कातडी गोरी, अंगावर तोच काळा पोशाख.

वरवर बघितलं तर ताकदीवर ताबा नाही, एवढीच अडचण दिसते. खरी अडचण वेगळी होती. कोणीही होता येतं म्हटल्यावर तिच्या मनानं क्षणाचाही विचार न करता एकच साचा निवडला होता, आणि त्या साच्यात ती स्वतः कुठेच नव्हती.

पर्याय: नदीकाठचा पहिला प्रसंग

त्याच रात्री, अजून हातपाय नीट आवरत नाहीत, अशा अवस्थेत कमलाला झोई पाण्यात पडताना दिसते. तीच झोई. इथे तिच्यापुढे तीन वाटा होत्या. निघून जायचं, कारण तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. आरडाओरडा करून कोणाला तरी बोलवायचं, पण धुक्यानं गांगरलेल्या गर्दीतून कोणी वेळेत येईल याचा भरवसा नव्हता. किंवा स्वतः काहीतरी करायचं.

ती तिसरी वाट घेते. त्या वेळी तिला आठवतं ते अब्बूंचं वाक्य. टीव्हीवर आग, पूर, स्फोट असं काही दिसलं की अब्बू कुराणातली आयत म्हणायचे: एकाचा जीव घेणं म्हणजे साऱ्या मानवजातीचा घेणं, एकाला वाचवणं म्हणजे साऱ्यांना वाचवणं. तिचा हात होडीएवढा होतो आणि ती झोईला पाण्यातून अलगद उचलून काठावर ठेवते.

त्या क्षणी चेहरा कॅरलचा होता आणि हात हलला तो अब्बूंच्या शब्दावर. कथेनं हे कुठे बोलून दाखवलेलं नाही आणि ते बरं केलं. बोलून दाखवलंय ते वेगळंच. केस तोंडात जातात, पोशाख नको तिथे वर चढतो, बूट छळतात. लहानपणापासून ज्या रूपाचा हेवा केला ते अंगावर आलं तर मोकळं वाटायच्या ऐवजी दमायला झालं. त्यात दुसऱ्या दिवशी झोई जगाला सांगत सुटते की मला मिस मार्व्हलनं वाचवलं. काम कमलाचं आणि श्रेय भलत्याच चेहऱ्याला. अर्थात तिनंच तो चेहरा लावला होता, तक्रार कोणाकडे करणार?

या प्रसंगात मी तिला दोष देत नाही. रूप तिनं ठरवून घेतलेलं नव्हतं आणि वाचवणं तातडीचं होतं. खरा निर्णय पुढे आहे.

पर्याय: दुकानातला दुसरा प्रसंग

सर्कल क्यू नावाचं एक छोटं दुकान. तिथे कमलाचा जिवाभावाचा मित्र ब्रूनो काम करतो. रात्री ती त्याला सगळं सांगायला जाते आणि बाहेरूनच दिसतं की आत दरोडा पडतोय. दरोडेखोर कच्चा आहे, ब्रूनोचा स्वतःचा भाऊ विक, आणि हातात पिस्तूल.

आता रूप आपोआप बदलत नव्हतं. तिला थांबून विचार करायला वेळ होता आणि तिनं तो केला. पोलिसांना बोलवता आलं असतं, पण ते येईपर्यंत आत काय होईल कोण सांगणार? आहे तशीच आत जाता आलं असतं, तोंडाला रुमाल बांधून. पण लोकांना मिस मार्व्हल म्हणून कोण अपेक्षित आहे, तर सोनेरी केसांची उंच बाई. रात्री वेळेत घरी जायची सक्ती असलेली सावळी पोरगी नव्हे. असा तर्क करून ती जाणीवपूर्वक कॅरल होते.

तर्कात खोट काढायला जागा नाही. तिच्या आसपासच्या जगाबद्दलचं ते अचूक निरीक्षण होतं. पण हा हिशेब ती लावत होती तो ब्रूनोच्या दुकानाच्या दारात उभी राहून. तिला लहानपणापासून ओळखणारा माणूस आत होता. जिथे तिचा स्वतःचा चेहरा सर्वांत जास्त चालला असता, तिथेच तिनं दुसरीचा लावला. माझ्या मते प्रकरणातला निर्णायक क्षण हाच.

आत झटापट होते आणि घाबरलेल्या विकच्या हातून गोळी सुटते. कमला कोसळते. कॅरलच्या रूपात रक्त वाहत राहतं. बेशुद्धीच्या काठावर रूपावरचा ताबा सुटतो, ती पुन्हा कमला होते आणि जखम मिटते.

इथे लिहिणाऱ्यांचा हुशारीचा निर्णय दिसतो. त्यांनी नियमच असा ठेवला की कमलाची जखम फक्त तिच्या मूळ रूपात भरते. भरत असताना दुसरं रूप घेता येत नाही, आणि नंतर प्रचंड भूक आणि थकवा येतो. ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ असं वाक्य कोणाच्या तोंडी घातलं असतं तर ते सोळा वर्षांच्या मुलीनं ऐकलं नसतं आणि वाचकानंही नाही. त्याऐवजी तो खर्च त्यांनी शरीरावर टाकला. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. कमलाच्या बाबतीत त्यात बरं होण्याचीही भर घालायची.

कृती

ब्रूनोनं सगळं पाहिलं होतं, त्यामुळे गुपित आता दोघांचं झालं. त्यानंतर कमला पोशाख शिवते तो अम्मीनं पोहण्यासाठी आणलेल्या बुर्किनीचा. निळा, अंगभर, हातभर. डोळ्यांवर पट्टी. केस तिचे स्वतःचे काळे. कॅरलकडून ती एकच गोष्ट ठेवते, विजेची खूण. आणि नाव.

पोशाखात अम्मीच्या घरातला कपडा, कॅरलची खूण आणि पट्टीमागे स्वतःचा चेहरा आला. यातलं काहीही टाकून द्यावं लागलं नाही. आपल्याकडचा बहुरूपी गावात पोलिसाच्या वेशात शिरतो तेव्हा लोक दचकतात, आणि तरी तो अमक्याचा पोरगा हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमलाचं सोंग हळूहळू त्या जातीचं होत गेलं.

ताकद वापरायची पद्धतही बदलली. पुढच्या अंकांत ती दुसऱ्याचा चेहरा क्वचितच लावते. मूठ मोठी करते, पाय लांबवते, गरज पडली तर मुंगीएवढी होते. रूप बदलत राहतं, पण बदलणारी कमलाच असते. मिस्टीकपासून तिला वेगळं करणारी रेघ ही.

घरी मात्र ती खोटं बोलत राहिली. अब्बू तिला मशिदीतल्या शेख अब्दुल्लांकडे पाठवतात. आता लांबलचक प्रवचन ऐकावं लागणार, ही तिची खात्री. शेख प्रवचन देत नाहीत. करतेयस ते नीट, सचोटीनं कर आणि एखादा गुरू शोध, एवढंच सांगतात. अशा पात्राकडून वाचकाला जे अपेक्षित असतं, त्याला इतक्या शांतपणे बगल दिलेली मी फार कमी ठिकाणी वाचली आहे.

निष्पत्ती

कागदाबाहेरचं आधी. पहिल्या पाच अंकांच्या संग्रहाला 2015 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिला जाणारा. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसवर मुस्लिमद्वेषी जाहिराती लागल्या होत्या. कोणीतरी त्यांच्यावर कमलाची चित्रं चिकटवली. चेहऱ्यावरून माणसं ठरवणाऱ्या फलकावर चेहरा बदलणारी मुलगी, हा योग कथेतही जुळवून आणता आला नसता.

कथेतला निकाल मिश्र आहे. 2015 मध्ये जग बुडायच्या बेतात असताना कमला अम्मीसमोर कबुली देते आणि कळतं की अम्मीला आधीपासून माहीत होतं. त्याच सुमारास कॅरल प्रत्यक्ष भेटते. 2016 मध्ये मात्र कॅरलशी बिनसतं. गुन्हा घडायच्या आधीच, भाकिताच्या जोरावर लोकांना पकडायचं, ही कॅरलची भूमिका आणि कमला तिच्या पथकात. या भानगडीत ब्रूनो जबर जखमी होतो आणि मैत्री तुटते. 1947 ची मुंबई ज्या अंकात येते तो याच कथानकातला आहे. आपला माणूस आणि परका माणूस अशी याद्या करून विभागणी झाली की काय होतं, हे खान घराला ऐकून माहीत होतं. कमला काही काळ कराचीला जाते तर तिथे सगळ्यांना ती अमेरिकन वाटते.

आणि झोई. तिची गोष्टही आडवळणानं याच प्रश्नाकडे येते. ती नाकियावर, म्हणजे कमलाच्याच मैत्रिणीवर, प्रेम करत असते आणि ते लपवत असते. कोणीतरी ते जगासमोर फोडायची धमकी देतं तेव्हा ती स्वतःच सांगून मोकळी होते. करीच्या वासावरून हिणवणारी मुलगी इतकी पुढे येईल असं पहिल्या अंकात वाटत नाही.

2022 च्या मालिकेत इमान वेल्लानीची कमला पडद्यावर आली. तिथे रूप बदलण्याची ताकद काढून प्रकाशाचे कठीण आकार घडवण्याची ताकद दिली आहे. फाळणीला पडद्यावर भरपूर जागा मिळाली आणि वेल्लानी भूमिकेत अगदी फिट बसते, पण ताकद आणि प्रश्न यांची गाठ सुटली. दुसऱ्याचा चेहरा लावताच येत नसेल तर तो उतरवण्याला किंमत कसली?

काय वेगळं करता आलं असतं

कमलाकडून सुरुवात करू. दुकानात तिनं तोंड झाकून स्वतःच्या रूपात जायला हवं होतं. गोळी तरीही सुटली असती, पण भरायला सुरुवात लगेच झाली असती. हा नियम तिला तेव्हा ठाऊक नव्हता हे खरं. म्हणून हा दोष म्हणून नव्हे, पर्याय म्हणून नोंदवतो. दुसरं, अम्मीला सांगायला इतका उशीर करायची गरज नव्हती. कमलानं घरच्यांना कायम एका साच्यात धरलं, नाही म्हणणारे लोक. शेख अब्दुल्लांच्या बाबतीत ती तोंडावर पडली, तरी अम्मीच्या बाबतीत तेच केलं. आपल्याला साच्यात बसवल्याचा राग असणारी मुलगी दुसऱ्यांना साच्यात बसवत होती, आणि लेखिकेनं ते न झाकता दाखवलं.

नावाबद्दल मतभेद संभवतात. ‘मिस मार्व्हल’ हे नाव ठेवायचं कशाला, चेहरा सोडला तसं तेही सोडायचं, असं काही वाचक म्हणतील. मला ते पटत नाही. आईचं पातेलं आणि आत्याची साडी घेऊन संसार सुरू करणाऱ्याला कोणी स्वतःचं काही नाही असं म्हणत नाही.

राहिला 2023 चा निर्णय. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या, स्पायडर-मॅनच्या मासिकाच्या 26 व्या अंकात कमला मारली गेली. खलनायकाला मेरी जेनचा, म्हणजे स्पायडर-मॅनच्या कथांमधल्या नायिकेचा, बळी हवा होता. कमला मेरी जेनचं रूप घेऊन पुढे झाली आणि सुरा तिला लागला. मग ती मूळ रूपात आली आणि स्पायडर-मॅनच्या समोर तिनं प्राण सोडला. वाचक चिडले ते मुख्यतः यासाठी की ती दुसऱ्याच्या मासिकात, त्या कथेत जेमतेम जागा मिळालेली असताना, मेली. जुलैमध्ये एक्स-मेनच्या एका अंकात तिला परत जिवंत केलं गेलं आणि ती इनह्युमनबरोबर म्यूटंटही, म्हणजे एक्स-मेनसारखी जन्मजात ताकद असलेलीही, आहे असं जाहीर झालं. पुढच्या कथेच्या लेखनात वेल्लानी स्वतः सहभागी होती. त्यामुळे मरण म्हणजे पुढच्या जाहिरातीची पायरी होती, असं म्हणणाऱ्यांना खोडून काढणं अवघड आहे.

माझी हरकत मरणाला नाही. दुसरीला वाचवण्यासाठी दुसरीचा चेहरा लावणं हे पहिल्या रात्रीच्या उलट आहे. तेव्हा तो चेहरा तिला स्वतःला हवा होता, इथे तिनं तो दुसरीसाठी घेतला. यातून फार चांगली गोष्ट झाली असती. पण त्यासाठी हा निर्णय ती घेताना दिसायला हवी होती, दुकानाच्या दारात दिसली तशी, थोडी थांबून, स्वतःशी हिशेब मांडत. तो प्रसंग आपल्याला तिच्या बाजूनं मिळतच नाही. आणि मूळ रूपात येऊनही या वेळी जखम का भरली नाही, याचं उत्तर द्यायला हवं होतं. घाव फार खोल होता, वेळ गेली होती, ताकद संपली होती, काहीही चाललं असतं. एक चौकट पुरली असती.